आप्पांचा आहेर

माझ्या वडिलांना सगळे आप्पा म्हणत. नाव भिवाजी. घोटावड्यात आमची बागायत होती, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असायचं, गोठ्यात दोन बैलजोड्या होत्या, आणि अर्ध्या गावावर गवताची छपरं होती तेव्हा आमच्या घरावर कौलं होती. हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून कुणाला वाटायला नको की बिचाऱ्याकडं नव्हतं म्हणून त्यानं तसं केलं. होतं. नसतं तर मी हे सांगायला बसलेच नसते.

आप्पांना आहेर करायचा शौक होता. पिरंगुट, पौड, कासार आंबोली, या टापूत कुठं लग्न असो, बारसं असो, कुणी नवं घर बांधलेलं असो, आप्पा तिथं हजर. आमच्याकडं आहेर करणाऱ्याचं नाव भर मांडवात मोठ्यानं पुकारायची रीत होती. आपलं नाव पुकारेपर्यंत आप्पा खाली बसत नसत. उपरणं सारखं करत उभे राहायचे, आणि नाव आलं की इकडंतिकडं असं बघायचे, जणू दुसऱ्याच कुणाचं पुकारलंय. मग पुढं होऊन भांडं वर धरायचे आणि म्हणायचे, "तांबट आळीतनं घडवून आनलंय."

पुण्यातल्या तांबट आळीत तांब्या-पितळेची नवी भांडी घडवतात. तिथं आप्पा कधी गेलेच असतील तर रस्ता चुकून. त्यांचा सगळा माल पुण्याच्या जुन्या बाजारातला. तो बाजार बुधवारी आणि रविवारी भरायचा. आप्पा सकाळी पिरंगुटला चालत जाऊन एसटी धरायचे आणि संध्याकाळी एक गोणपाट खांद्यावर टाकून परत यायचे. गोणपाटात काय काय असायचं: पोचे आलेल्या कळश्या, कान तुटलेलं घंगाळ, कुणाच्या तरी घरातल्या समया, काठ विटलेली लुगडी, एकदा तर पाय मोडलेला लाकडी घोडा. मोडलेल्या घरांमधून, मेलेल्या माणसांच्या मागून, कर्ज काढून बसलेल्यांच्या माजघरातून निघालेला तो माल. तो घेण्यात वाईट काही नव्हतं. गरिबांची कितीतरी घरं त्या बाजारावर उभी राहिली. पण ती माणसं घरी येऊन सांगत, जुन्या बाजारातनं आणलंय. आप्पा तसं कधी बोलले नाहीत.

आणलेला माल माळ्यावर जायचा आणि मग आमचं काम सुरू व्हायचं. आई चिंच आणि राख घेऊन भांडी घासायची. माझ्याकडं कानस होती. पितळी-तांब्याच्या भांड्यांवर लोक नावं घालून घेतात, ती नावं कानशीनं घासून काढायची, मग विटेच्या भुकटीनं तो भाग चकचकीत करायचा. अक्षरओळख मला शाळेत झाली, पण सरळ वाचायला मी या भांड्यांवरच शिकले. एका तपेल्यावर लिहिलेलं होतं, 'चि. सौ. कां. इंदू हिस मामाकडून.' मी आप्पांना विचारलं, "ह्या इंदूनं मामाचं तपेलं का विकलं आसंल?"

"मेली आसंल," आप्पा म्हणाले. "घास."

घासून झालं की आप्पा पिरंगुटच्या एका माणसाकडून त्याच जागी स्वतःचं नाव घालून घ्यायचे. आधीचं नाव पुरतं गेलेलं नसलं तर त्यांची अक्षरं मोठी यायची, एवढंच.

आईला, म्हणजे साळूबाईला, दिवाळीचं लुगडंही त्याच गोणपाटातून मिळायचं. आप्पा ते घडी उलगडून दाखवायचे आणि म्हणायचे, "इरकल हाय. बघ, असं लुगडं पाटलाच्या बायकूकडं बी न्हाई." रफू केलेला भाग आई निऱ्यांमध्ये लपवायची. आप्पांचा स्वतःचा फेटा मात्र नवा असायचा, आणि वहाणा चांभाराकडून पायाचं माप देऊन केलेल्या.

एकदा मी विचारलं, आप्पा, खोटं का सांगायचं? त्यांना राग आला नाही. उलट माझ्या अडाणीपणाची कीव आल्यासारखे हसले. "लोकान्ला काय कळतंय गं? त्यान्ला नवं दिलं तरी दोन म्हैन्यांत पोचं पाडत्यात. आपन आधीच पोचं पाडलेलं देतो, येवढाच फरक." आणि स्वतःच्या बोलण्यावर ते बराच वेळ खूश होते. ज्यांच्यासमोर मान वर करून उभं राहायला त्यांना इतकं आवडायचं, त्यांना ते माणसातही धरत नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं.

पौडला नबीलालचाचा कल्हईचं काम करायचे. आतून काळी पडलेली भांडी आप्पा त्यांच्याकडंच न्यायचे. बरोबर मी जायचे, कारण त्यांची फहमिदा माझ्याच वयाची होती. चाचा भट्टीपाशी बसायचे, फहमिदा भाता ओढायची, आणि तापलेल्या भांड्यात कथील फिरलं की आतला काळोख एकदम चांदीसारखा व्हायचा. ते बघायला मला फार आवडायचं. आप्पांचा माल कुठला, हे चाचांना माहीत होतं. भांड्याला हात लावला की त्यांना त्याचं वय कळायचं. पण धंद्याचा माणूस, गिऱ्हाइकाच्या पोटात शिरत नव्हता.

अठ्ठावन्न साली फहमिदाचं लग्न ठरलं. मुलगा भोरचा. आम्ही दोघी चौदा वर्षांच्या. आप्पा मला म्हणाले, "माळ्यावरनं येक हंडा काढ. चांगला दिसनारा."

माळ्यावर दोन हंडे होते. एक धड होता. दुसऱ्याच्या बुडाला भोक होतं, ते आदल्या वर्षी नबीलालचाचांनीच बुजवलं होतं. पानाच्या आकाराचा डाक होता तो, बाहेरून घासून तांब्याशी इतका सारखा केलेला की नुसत्या डोळ्यांना दिसू नये. मी तो दुसरा हंडा काढला. चुकून नाही. ठरवून काढला. आप्पांनी बूड उलटून बघितलंच नाही. आप्पांना कुणीतरी पकडावं असं मला किती दिवसांपासून वाटत होतं, आणि मला वाटलं, चाचांइतकं पक्कं दुसरं कोण पकडणार.

निकाह झाला. दारापुढं छपराखाली माणसं बसली होती, भोरची पाहुणेमंडळी एका बाजूला. आप्पांनी हंडा वर धरला. "तांबट आळीचा हाय. नवाकोरा. पोरीच्या जल्माला पुरंल."

चाचांनी दोन्ही हातांनी हंडा घेतला. ज्याचा तो धंदा, त्याचा हात सरळ बुडाकडं गेला. अंगठा त्या डाकावर थांबला. त्यांनी आप्पांकडं बघितलं, मग आप्पांच्या मागं उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. आणि म्हणाले, "लई चांगला हाय, आप्पा. मेहेरबानी."

प्रकरण तिथंच संपलं असतं. पण त्यांची बायको जैनबबी शेजारीच उभी होती, आणि नवऱ्याचा अंगठा कुठं थांबला हे तिनं बघितलं होतं. ती म्हणाली, "चांगला असनारच की. ह्यांनीच तर जोडलाय त्यो."

"कोन म्हनतं?" आप्पा म्हणाले.

"आप्पा, डाक माझा हाय," चाचा हळू आवाजात म्हणाले. "माझा डाक मी वळखतो. पन ऱ्हाऊ द्या. पोरीचा दिस हाय."

पाहुण्यांत कुणीतरी हसलं. मग दोघं-तिघं हसले. मला वाटलं होतं लोक आप्पांना हसतील. पण भोरची एक बाई दुसरीला म्हणाली, "फुटका हंडा घिऊन येनार व्हय नवरी?" आणि दाराआड ओढणी घेऊन बसलेल्या फहमिदानं मान खाली घातली. आप्पा खुशाल उभे होते. माझ्या डोक्यात जी शिक्षा होती ती भलत्याच माणसाला जाऊन लागली. हंडा मी निवडला होता, हे मी फहमिदाला पुढं बारा वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, "मला तवाच कळलं हुतं. तुझं त्वांड बघितलं हुतं मी." आणि तिनं विषय बदलला.

आप्पांना लाज वाटली असेल असं कुणाला वाटत असेल तर तो आप्पांना ओळखत नाही. परत येताना वाटेतच त्यांनी गोष्ट रचून तयार केली. घोटावड्यात पाय ठेवला तो हे सांगतच, की आपण कल्हईला दिलेला नवा हंडा नबीलालनं मागंच बदलला, फुटका गळ्यात घातला. पंधरा वर्षं ज्या माणसानं यांचं तोंड राखलं, त्याला यांनी चोर ठरवलं. आणि गावातली शहाणीसुरती माणसं ओट्यावर बसून ते ऐकत होती आणि मान डोलवत होती. खरं काय ते प्रत्येकाला माहीत होतं. प्रत्येकाच्या घरात आप्पांची एकेक कळशी होती. पण विहिरीचं पाणी आप्पांचं, पेरणीला बैल मागायचे ते आप्पांकडं. पाठ वळली की हीच माणसं "आला तांबट आळीचा सावकार" म्हणून हसायची. मला तेव्हापासून गावाच्या हसण्याचंही काही वाटेनासं झालं.

चाचांनी आप्पांचं काम पुन्हा हातात घेतलं नाही. आप्पा म्हणायचे, मीच देत नाही.

एकसष्ट साली पानशेत फुटलं आणि पुण्यात पूर आला. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. लोकांच्या घरांतलं सामान नदीनं ओढून नेलं, आणि जे चिखलातून सापडलं ते महिनोन्‌महिने जुन्या बाजारात येत राहिलं. घोटावड्यातली माणसं त्या दिवसांत पुण्यातल्या नातेवाइकांना धान्य घेऊन गेली. आप्पाही पुण्याला गेले, दर बुधवारी आणि दर रविवारी. असा हंगाम पुन्हा येणार नाही, असं ते आईला म्हणाले. हंगाम हाच शब्द वापरला त्यांनी.

पुढच्या वैशाखात माझं लग्न होतं.

नवरा कासार आंबोलीचा, वाल्मीक. शाळामास्तर. बोलायला कमी, पण जे बोलेल ते नीट. त्याची आई तुळजाबाई विधवा, एकटीनं मुलाला शिकवलेलं, आणि जिभेला कुणाची भीड नाही. लग्न आमच्या दारात. सकाळी मांडवात आप्पांनी जावयाला पोशाख दिला: धोतर, फेटा, आणि एक गरम कापडाचा काळा कोट. कोट त्यांनी दोन्ही खांद्यांना धरून चारी बाजूंना फिरवून दाखवला. "पुन्यातल्या शिंप्याकडनं शिवून घेतलाय. बटनं बगा." कोटाला अत्तर इतकं लावलेलं होतं की पुढच्या रांगेतली माणसं नाक पुसायला लागली.

वाल्मीकनं तो कोट घातला आणि वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला गेला. वैशाखातलं ऊन. परत येईपर्यंत त्याच्या पाठीवर घाम आला, कोट ओला झाला, आणि अत्तराच्या खालून दुसराच वास वर आला. नदीचा. पाणी ओसरल्यावर काठाला जो कुजका वास राहतो तो. मी पाटावर बसले होते, माझ्यापर्यंत तो आला. तुळजाबाई मुलाच्या शेजारी उभी होती. तिनं वाकून कोटाच्या बाहीचा वास घेतला.

"कसला वास हाय ह्यो?" ती म्हणाली.

"नव्या कापडाचा," आप्पा म्हणाले.

"नवं कापड म्या बी हुंगलंय. ह्यो गाळाचा वास हाय."

वाल्मीकनं रुमाल काढायला म्हणून खिशात हात घातला होता, तो हात तसाच राहिला. मग त्यानं तो बाहेर काढला आणि मूठ उघडली. तळहातावर राखाडी रंगाची वाळकी माती होती. त्यानं खिसा उलटा केला. शिवणीत साचलेला आणखी थोडा गाळ खालच्या सतरंजीवर पडला. आतल्या बाजूला कापडाची एक पट्टी शिवलेली होती, तिच्यावर शाईनं कुणाचं तरी नाव होतं, पाण्यानं फुटलेलं.

"मामा, हा कोट कुणाचा?" वाल्मीकनं विचारलं.

"कुनाचा म्हंजी? तुमचाच."

"माझ्या आधी कुणाचा होता?"

आप्पांनी एकदा माणसांकडं बघितलं. त्यांची जन्मभराची माणसं होती ती, नाव पुकारलं की माना वळवणारी. आत्ताही वळलेल्या होत्या. मग त्यांनी जे केलं ते फक्त आप्पाच करू शकले असते. ते चिडले. "कापड बगा की," ते म्हणाले. "हात लावून बगा. आसलं कापड आता गिरनीत निघत न्हाई. मेलेला असो न्हाईतर जित्ता, कापडाला काय हुतंय? तुमच्या मास्तरकीत आसला कोट ह्या जल्मात झाला नसता."

तुळजाबाईनं तोंड उघडलं होतं, पण तिच्या आधी आई उठली. माझी आई, जिनं वीस वर्षांत निऱ्या सारख्या करण्यापलीकडं काही केलं नव्हतं. ती चालत वाल्मीकपुढं आली. माझ्या लग्नासाठी आप्पांनी तिला दिलेलं हिरवं लुगडं ती नेसली होती. तिनं निऱ्यांची घडी सोडवून पुढं केली. रफूची एक लांब रेघ, आणि तिच्या खाली पाण्याचा डाग, कितीही धुतला तरी न गेलेला.

"जावईबापू," ती म्हणाली, "माझं नेसूचं बी तितलंच हाय. घरातलं समदं तितलंच हाय. पोर तेवढी आमची हाय. पटत आसंल तर न्या, न्हाईतर आत्ताच सांगा."

आप्पा म्हणाले, "साळू, गप बस."

"बसते," ती म्हणाली, आणि जाऊन बसली. पण निऱ्या तिनं परत लपवल्या नाहीत.

वाल्मीकनं कोट काढला, घडी घातली आणि आप्पांच्या हातात दिला. भटजींना म्हणाला, "करा सुरू." सदऱ्यावरच त्यानं मला माळ घातली. तुळजाबाई त्या दिवशी त्या मांडवात पाणीसुद्धा प्यायली नाही. माझ्यावर मात्र तिनं कधी राग काढला नाही. पहिल्याच आठवड्यात मला एवढंच म्हणाली, "तुजी आई मानूस हाय."

त्यानंतर आप्पांचं नाव मांडवात पुकारलं की पोरंटोरं नाकाला हात लावायची. बायका भांडं घेताना उघड उघड उलटं करून बघायच्या. तरी आप्पा गेले, प्रत्येक लग्नाला गेले. बैल अजून त्यांचेच होते.

चौसष्ट साली मला मुलगी झाली. बारशाला आई आली, आणि तिच्या मागून आप्पाही आले. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्या दारात पाऊल टाकत होते. हातात कागदात गुंडाळलेलं एक झबलं, गुलाबी, लेस लावलेलं. ते त्यांनी माझ्यापुढं ठेवलं आणि सदऱ्याच्या खिशातून एक चिठ्ठी काढून त्याच्यावर ठेवली. दुकानाची पावती होती.

"बग," ते म्हणाले. "वाच. तुला वाचता येतंय."

मी वाचली नाही. तुळजाबाईनं ती उचलून वाल्मीककडं दिली. वाल्मीकनं तिच्यावरून नजर फिरवली आणि खाली ठेवली. तुळजाबाई म्हणाली, "जुन्या बाजारात पावत्या बी मिळत आसतील."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी पोरीला मांडीवर सारखं केलं. थोड्या वेळानं त्यांनी चहा घेतला, बशी उपडी ठेवली, आणि एसटी चुकेल म्हणून उठले. आई थांबली होती. ते पौड रस्त्याकडं एकटेच चालत गेले.

आत भांडी आवरताना आई मला म्हणाली, "झबलं नवं हाय गं. मी बरुबर हुते. दुकानात दोनदा जाऊन आले ते."

"असंल," मी म्हणाले.

ते झबलं मी पोरीच्या अंगावर घातलं नाही. ट्रंकेत ठेवलं, आणि पोर वाढली तसं ते तिला होईनासं झालं. मग शेजारच्या रंभाबाईच्या नातवासाठी देऊन टाकलं. देताना मी तिला सांगितलं, माझ्या वडिलांनी आणलंय, न वापरलेलं आहे. तिनं ते उजेडाकडं धरून आतून-बाहेरून बघितलं, हुंगलं, आणि मग घेतलं. आप्पांसाठी मला वाईट वाटलं का, असं आई एकदा विचारत होती. खरं सांगायचं तर फारसं नाही.